मोठ्या चाकाचा हिशेब

श्रोते हो, चाक मोठे असले की वाट सोपी होते, हे आपल्याकडे कोणाला शाळेत शिकवावे लागलेले नाही. जुन्या बैलगाडीचे चाक आठवा. उभे केले तर माणसाच्या छातीला लागेल एवढे. सुताराने तुंबा, आरे आणि पाटे जुळवायचे आणि लोहाराने लाल तापवलेली लोखंडी धाव त्यावर चढवून पाणी ओतायचे. एवढे मोठे चाक कशासाठी? तर वाटेतला धोंडा लहान चाकाला भिंतीसारखा आडवा येतो आणि मोठ्या चाकाला तोच धोंडा चढणीसारखा वाटतो. खड्ड्यात लहान चाक पुरते उतरते, मोठे चाक वरच्यावर पार होते. बैलांच्या मानेवरचा ताण तेवढा कमी.

तेव्हा आजच्या तरुणाने आपल्या पिकअप गाडीला मोठे टायर बसवावेत असे म्हटले, तर ते काही खुळेपणाचे म्हणता येणार नाही. काळ्या जमिनीतला चिखल, ओढ्याची वाट, उसाच्या फडातली चाकोरी, ह्यांत रुतलेली गाडी ज्याने ट्रॅक्टर लावून ओढून काढली आहे, त्याला गाडी दोन बोटे उंच असावी असे वाटणारच. पण बैलगाडी आणि पिकअप ह्यांत एक फरक आहे. बैलगाडीचे चाक बदलले तर फक्त चाक बदलते. मोटारीचे चाक बदलले की तिचा ब्रेक, तिचे गिअर, तिचा वेग दाखवणारा काटा, तिचा तोल, सगळे काही न विचारता बदलते. आज आपल्याला हा हिशेब करायचा आहे. शिक्षक मित्रांनी खडू-फळा जवळ ठेवला तर बरे, कारण पुढे थोडी आकडेमोड आहे.

टायरच्या बाजूवर काही आकडे उठावात लिहिलेले असतात. आपल्याकडच्या पिकअप गाड्यांत आढळणारा एक आकार घेऊ: २१५/७५ आर १५. ह्यातले २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे रिमपासून जमिनीपर्यंतच्या रबराची उंची ही त्या रुंदीच्या शेकडा ७५. आणि १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांमध्ये. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! असा कारभार कोणी विद्यार्थ्याने वहीत केला असता तर गुरुजींनी कान धरला असता. पण जगभर हीच रीत रूढ आहे. आता गणित करा. २१५ चे शेकडा ७५ म्हणजे १६१ मिलिमीटर आणि थोडे वर. ते वरून एकदा आणि खालून एकदा, म्हणजे ३२२.५. त्यात १५ इंचांचे ३८१ मिळवा. चाकाचा पूर्ण व्यास ७०३.५ मिलिमीटर आला. आता त्याच रिमवर २३५/७५ हा मोठा टायर चढवला असे समजा. त्याच रीतीने उत्तर येते ७३३.५. म्हणजे चाक ३ सेंटिमीटर मोठे झाले.

मग गाडी किती उंच झाली? पुष्कळजण चटकन म्हणतील, ३ सेंटिमीटर. नाही. आस चाकाच्या मध्यावर असतो, म्हणून त्याच्या वाट्याला निम्मे येते. दीड सेंटिमीटर, म्हणजे एका बोटाची जाडी. एवढ्यासाठी चार टायरांचे पैसे मोजले!

दीड सेंटिमीटरने मन भरत नाही, म्हणून मग गाडी 'उचलण्याची' कल्पना येते. त्याला गॅरेजवाले लिफ्ट म्हणतात. ह्याचे दोन प्रकार आहेत. एकात लोखंडी चौकट म्हणजे चॅसी आणि वरची बॉडी ह्यांच्यामध्ये ठोकळे घालतात. दुसऱ्यात आस आणि पाट्यांच्या स्प्रिंगा ह्यांच्यामध्ये ठोकळे घालतात किंवा स्प्रिंगाच बदलतात. दोन्हींत गाडी रुबाबदार दिसू लागते. पण खाली वाकून पाहा. मागच्या आसाच्या मध्यभागी दातेरी चक्रांचा जो मोठा गोळा असतो, ज्याला डिफरन्शियल म्हणतात आणि जो दगडावर आपटतो, तो होता तिथेच आहे. गाडी कितीही उचला, तो गोळा वर येत नाही. त्याला उचलते ते फक्त मोठे चाक. उचलण्याचा खरा उपयोग एवढाच, की मोठे चाक वळताना किंवा खड्ड्यात वर येताना पत्र्याला घासू नये म्हणून जागा होते. आणि ह्या जागेपायी मागे जाणाऱ्या शाफ्टचा कोन बिघडतो, ब्रेकच्या तेलाची रबरी नळी ताणली जाते, स्टिअरिंगचे दांडे वाकडे ओढू लागतात. चांगला मेस्त्री हे सगळे पाहतो. घाईचा मेस्त्री ठोकळा घालतो आणि पैसे घेतो.

आता ही उचललेली गाडी आणि मोठे चाक खरोखर कुठे लागतात, ते सांगतो. त्यासाठी आपल्याला बर्फात जावे लागेल.

युरोपच्या वायव्येला समुद्रात आइसलँड नावाचा देश आहे. तिथे व्हाट्नायोकुल नावाची हिमनदी आहे, तिने देशाच्या भूमीचा सातआठ टक्के भाग झाकलेला आहे. तिथल्या लोकांना हिवाळ्यात पर्वतात जायचे असते. कोणी वादळात सापडला तर स्वयंसेवकांच्या शोधपथकांना त्याच्यापर्यंत पोचायचे असते. भुसभुशीत बर्फ माणूसभर खोल. त्यावर साधी जीप घातली तर ती पोटावर बसते. तिथल्या मेस्त्र्यांनी ह्यावर एक युक्ती पक्की केली. साध्या पिकअपला ३८ इंची, पुढे ४४ इंची टायर लावायचे आणि त्यांतली हवा जवळजवळ सगळी काढून टाकायची. अशा गाड्या तयार करणारी आर्क्टिक ट्रक्स ही आइसलँडमधली संस्था १९९० सालापासून हेच काम करते आहे.

हवा काढून टाकायची! ऐकायला उलटे वाटते. पण टायर जमिनीवर जो दाब देतो, तो साधारण त्याच्या आतल्या हवेच्या दाबाइतका असतो. समजा, गाडीचे सामानासकट वजन २,५०० किलो आहे. एका चाकावर ६२५ किलो आले. टायरात आपण म्हणतो तशी 'पस्तीस हवा' असेल, तर तो दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच किलो होतो. भागाकार केला की जमिनीला टेकलेला रबराचा तुकडा सुमारे २५० चौरस सेंटिमीटर निघतो, म्हणजे सोळा सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन. आता हवा ४ पौंडांवर आणा. तोच तुकडा २,२०० चौरस सेंटिमीटरपर्यंत वाढतो, म्हणजे जवळजवळ नऊ पट. टायरच्या भिंतीचा स्वतःचा ताठरपणा असतो, म्हणून प्रत्यक्षात थोडा फरक पडेल. पण ढोबळ हिशेब हा. दर चौरस सेंटिमीटरला पाव किलोहून किंचित जास्त. बूट घालून चालणारा साठ किलोचा माणूस एका पावलावर एवढाच दाब देतो. अडीच टनांची मोटार बर्फावरून माणसाच्या पावलाने चालते, असे म्हटले तरी चालेल. उंटाचा पसरट तळवा वाळूवर हेच काम करतो.

हे लहान टायरने का साधत नाही? कारण त्याच्या भिंतीला पसरायला जागाच नसते. हवा काढली की रिम जमिनीला लागते. मोठा टायर हवा तो पसरण्यासाठी, आणि त्यात उंचीचा लाभ वरकड.

ह्या गाड्यांचा आपल्याशीही एक संबंध आलेला आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. आपल्या शेजारच्या गोव्यात, वास्कोला, भारत सरकारची ध्रुवीय संशोधन संस्था आहे. अंटार्क्टिकावरचे आपले 'मैत्री' हे ठाणे तिच्या देखरेखीखाली चालते. २०१० साली संस्थेचे तेव्हाचे संचालक रसिक रवींद्र ह्यांच्या नेतृत्वाखाली आठ जणांचे भारतीय पथक 'मैत्री'हून निघाले आणि २२ नोव्हेंबरला दक्षिण ध्रुवावर पोचले. सरळ रेषेत मोजले तरी हे अंतर दोन हजार शंभर किलोमीटर भरते. रस्ता नाही, झाड नाही, पंप नाही. ध्रुवाची जागा समुद्रसपाटीपासून २,८०० मीटरांहून उंच. थंडी पाण्याच्या गोठण्याच्या कितीतरी खाली. ह्या प्रवासाला त्यांनी वापरल्या चार पिकअप गाड्या, त्याच आइसलँडच्या मेस्त्र्यांनी मोठी चाके लावून सजवलेल्या. वाटेत बर्फाचे नमुने घेत, मापे नोंदवीत ही मंडळी गेली आणि परत आली.

तेव्हा मोठे चाक हे खेळणे नाही. पण ह्या मेस्त्र्यांनी चाकाबरोबर आणखी काय काय बदलले, तेही ऐका.

चाकाच्या त्रिज्येला तुम्ही पहारीसारखे समजा, फक्त उलट्या बाजूने. ब्रेक चाकाच्या मध्याशी धरतो आणि जमीन चाकाच्या कडेशी ओढते. कड जेवढी लांब, तेवढा जमिनीचा जोर ब्रेकवर मात करतो. अशा पिकअपचे मूळ चाक साधारण ७७६ मिलिमीटर व्यासाचे धरले आणि त्या जागी ३८ इंची, म्हणजे ९६५ मिलिमीटरचे चढवले, तर पाय तेवढ्याच जोराने दाबूनही ब्रेकची पकड एक पंचमांशाने कमी होते. ४४ इंची चढवले तर जवळजवळ तीस टक्क्यांनी. शिवाय चाक वजनाने जड, एकदा फिरू लागले की थांबायला नाखूष. इंजिनाच्या ओढीचेही तेच. म्हणून ते लोक डिफरन्शियलमधली दातेरी चक्रे बदलून गाडीला हळू पण जोरकस करतात. वेगाचा काटा नव्याने जुळवतात, नाहीतर काटा साठ दाखवील आणि ३८ इंची चाकावरची गाडी जवळजवळ पंचाहत्तरने धावत असेल. कमी हवेत टायरची कड रिमवरून निसटते, ती धरून ठेवण्याची योजना करतात. बर्फ संपून रस्ता लागला की पुन्हा हवा भरतात, कारण कमी हवेचा टायर वेगात मुडपून मुडपून तापतो आणि फुटतो. त्यासाठी हवेचा पंप गाडीतच असतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे. ते गाडी शक्य तितकी कमी उचलतात. चाकाला जागा हवी म्हणून पत्रा कापतात, वर रुंद पंखे बसवतात, पण गाडीचे वजन खाली ठेवतात. ज्यांना ध्रुवावर जायचे असते ते गाडी नाइलाजाने उचलतात. ज्यांना जत्रेत जायचे असते ते हौसेने. माझे हे मत जरा तिखट आहे, पण मी ते मागे घेणार नाही.

बरं, आता आपल्या चिखलाकडे येऊ. ट्रॅक्टर चिखलातून का निघतो? मागचे चाक मोठे म्हणून, असे उत्तर कोणीही देईल, आणि ते अर्धे बरोबर आहे. दुसरे अर्धे असे, की त्या मागच्या टायरात हवा अवघी बारा ते सोळा पौंड असते आणि त्याच्या रबराचे दात खोल आणि तिरपे असतात. पिकअपला मोठा टायर लावून त्यात पूर्वीइतकीच हवा ठासून भरली, तर जमिनीवरचा दाब पूर्वीइतकाच राहतो. चिखलाच्या दृष्टीने विशेष काही घडले नाही. त्याऐवजी कंपनीने सांगितलेल्याच मापाचा, पण खोल दाताचा टायर घेतला तर ओल्या शेतातला निम्मा त्रास तिथेच संपतो. रिकामी गाडी शेतातच अडली असेल, तर हवा थोडी उतरवून बैलाच्या चालीने बाहेर काढता येते. मात्र डांबरी रस्त्याला लागण्याआधी ती पुन्हा भरलीच पाहिजे. भरलेल्या गाडीवर हा प्रयोग करू नये. आपल्या वैशाखातल्या डांबरावर बर्फातली युक्ती चालत नाही.

एक समज तर फारच घातक आहे. 'मोठा टायर लावला, आता दहा क्विंटल जास्त बसतील.' टायर एकटा वजन उचलत नाही हो! आस तोच आहे, पाटे तेच आहेत, बेअरिंग तेच, चॅसी तीच, आणि ब्रेक तर आपण आताच पाहिले की दुबळा झालेला आहे. कांद्याच्या गोण्या टपापर्यंत रचून घाटात उतरणाऱ्या गाडीला ह्या हिशेबात कुठेच सूट मिळत नाही.

तोलाचे गणित वर्गातही दाखवता येते. एक काडेपेटी पाटीवर आडवी ठेवा, दुसरी उभी ठेवा आणि पाटी हळूहळू तिरपी करा. उभी पेटी आधी पडते. गाडीचेही असेच. समजा, दोन चाकांमधले अर्धे अंतर ७० सेंटिमीटर आहे आणि भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर. ७० ला ९० ने भागले तर ०.७८ येते. गाडी १० सेंटिमीटर उचलली की ७० ला १०० ने भागायचे, ०.७० येते. वळणावर गाडी लवंडायला लागणारा जोर दहा टक्क्यांनी कमी झाला. आणि पिकअपच्या मागे माणसे उभी असली, लग्नाचे वऱ्हाड असो की मजुरांची टोळी, तर तो मध्य आणखी वर जातो. माल वाहणाऱ्या गाडीत माणसे वाहणे मुळातच गुन्हा आहे, हे सर्वांना ठाऊक असते आणि गाड्या भरून जात असतात.

कायदा गाडी बदलण्याविषयी काय म्हणतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, नोंदणीपुस्तकातला तपशील कारखान्याच्या मूळ मापांपासून वेगळा होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्या कलमाचा अर्थ स्पष्ट करून तसाच निकाल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे. अपघातानंतर विम्याची भरपाई मागताना हे ठोकळे आणि टायर पुढे येतात, ते वेगळेच. कंपनीने त्याच गाडीसाठी जे दुसरे माप मान्य केलेले असते, त्यापुरती वाट मोकळी आहे. ते माप गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. आइसलँडमध्येही कोणी उठून चाके बदलत नाही. बदललेल्या गाडीची वेगळी तपासणी होते आणि तशी नोंद कागदांत होते.

आता शेवटची गोष्ट, आणि ती मी मुद्दाम शिक्षकांसाठी राखून ठेवली होती. गाडी उंच झाली की चालकाला दूरचे जास्त दिसते आणि जवळचे कमी. बोनेटची कड वर जाते आणि तिच्या आड जमिनीचा मोठा पट्टा लपतो. उंच पिकअपची आवड अमेरिकेत फार. तिथल्या महामार्ग सुरक्षेचे काम करणाऱ्या विमा कंपन्यांच्या संस्थेने २०२३ साली पादचाऱ्यांच्या अपघातांची छाननी केली. ज्या गाड्यांचे बोनेट ४० इंचांहून, म्हणजे सुमारे एक मीटरहून उंच होते, त्यांनी धडक दिलेला पादचारी दगावण्याचा संभव, ३० इंच किंवा त्याहून ठेंगण्या आणि उतरत्या तोंडाच्या गाड्यांच्या मानाने, सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आढळला. कारण सोपे आहे. ठेंगणी गाडी मोठ्या माणसाच्या पायाला लागते, उंच गाडी छातीला. आणि पहिलीतल्या मुलाच्या बाबतीत छातीही नव्हे, डोके.

शाळेसमोरच्या मोकळ्या जागेत भाजीच्या, दुधाच्या, टेम्पोच्या गाड्या वळतात. तिथे एक प्रयोग करून पाहावा. ओळखीच्या चालकाला विनंती करून गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, किल्ली गुरुजींच्या खिशात. चालक त्याच्या रोजच्या जागी बसेल. तीन फुटांची काठी घ्यावी, तिच्या टोकाला लाल फडके बांधावे. ही काठी म्हणजे पहिलीतले मूल. मोठ्या मुलांपैकी एकाने ती बंपरला टेकवून उभी धरावी आणि पावला-पावलाने पुढे न्यावी. चालकाला फडके दिसले की त्याने हाक मारावी. जिथे हाक येईल तिथे खडूची खूण करावी. नंतर हेच डाव्या बाजूला, उजव्या बाजूला आणि मागे करावे. खुणा जोडल्या की गाडीभोवती एक आकृती तयार होते, तिचे क्षेत्रफळ मुलांनी चौरस मीटरमध्ये काढावे. गावात एखादी उचललेली, मोठ्या टायरची गाडी असेल तर तिच्याभोवतीही अशीच आकृती काढावी आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी फळ्यावर लिहावेत. चालकालाही खाली उतरवून ती रेघ दाखवावी आणि मुलांना तिच्या आत दाटीवाटीने उभे करून किती मुले मावतात ते त्याला मोजायला सांगावे.